ब्राउझरमध्ये हरवलेला मसुदा कसा शोधायचा

लेख लिहून होतो, 'प्रकाशित करा' दाबलं जातं आणि पडद्यावर लेखाऐवजी लॉगिनचं पान उभं राहतं. किंवा टॅब चुकून बंद होतो, ब्राउझर कोसळतो, नाहीतर सगळा मजकूर निवडलेला असताना भलतीच कळ दाबली जाते आणि पान कोरं होतं. अशा वेळी हात आपसूक रीलोडच्या बटणाकडे जातो. तो तिथेच थांबवा. मजकूर बहुतेक वेळा अजून कॉम्प्युटरवर कुठेतरी असतो. तो खरा पुसला जातो नंतरच्या घाईगडबडीत.

'कॅशमध्ये बघ' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धवट आहे. सर्व्हरकडून ब्राउझरकडे आलेली पानं, चित्रं आणि स्क्रिप्ट जिथे साठतात ती जागा म्हणजे कॅश. तुम्ही टाइप केलेला मजकूर मात्र उलट्या दिशेने, तुमच्याकडून सर्व्हरकडे जातो. त्यामुळे जो मसुदा एकदाही सर्व्हरवर जाऊन परत आलेला नाही, तो कॅश कितीही उकरली तरी सापडत नाही. तो असतो उघड्या टॅबच्या मेमरीत, ब्राउझरच्या सेशन फाइलमध्ये (उघड्या टॅबची नोंद ठेवणारी फाइल), त्या साइटला ब्राउझरने दिलेल्या स्टोरेजमध्ये, किंवा ऑटोसेव्ह होऊन सर्व्हरवर. कॅशचा नंबर या सगळ्यांनंतर. खालचा क्रम कोणती जागा आधी नष्ट होते त्यावरून लावला आहे, म्हणून तो शक्यतो मोडू नका.

पहिली पाच मिनिटं

टॅब उघडा असेल तर तो बंद करू नका, रीलोड करू नका. ब्राउझरची हिस्टरी किंवा कॅश 'साफ' करू नका. डिस्क साफ करणारं एखादं अ‍ॅप आपोआप चालत असेल तर ते बंद करा.

मजकूर चुकून खोडला गेला असेल तर लिहिण्याच्या चौकटीत एकदा क्लिक करून कंट्रोल + झेड दाबा (मॅकवर कमांड + झेड). एकदा दाबून फरक दिसला नाही तर दहा वेळा दाबा, कारण काही एडिटर एकेका शब्दाने मागे जातात. रीलोड केलं की ही मागे जायची सोय कायमची जाते.

एडिटर ऑटोसेव्ह करणारा असेल तर इथे एक मोठा धोका आहे. पान कोरं झालं तर पुढच्या ऑटोसेव्हला ते कोरं पानच सर्व्हरवर जाईल आणि जुन्या मजकुरावर बसेल. म्हणून असं दिसताक्षणी आधी इंटरनेट तोडा, वाय-फाय बंद करा, मग कंट्रोल + झेड. हाच लेख दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा फोनवर उघडा राहिला असेल तर तिथे जुना मजकूर असण्याची शक्यता चांगली आहे. पण ते यंत्र जागं करण्याआधी त्याचंही नेट बंद करा, म्हणजे ते सर्व्हरवरची कोरी आवृत्ती ओढून घेणार नाही. मजकूर दिसला की निवडा, कॉपी करा आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करा. त्यानंतरच नेट जोडा.

सबमिट केलं आणि लॉगिनचं पान आलं

सगळ्यात जास्त मसुदे इथेच हरवतात. लिहिता लिहिता बराच वेळ गेला, मधल्या काळात लॉगिनची मुदत संपली आणि सर्व्हरने मजकूर स्वीकारण्याऐवजी पुन्हा पासवर्ड मागितला, असं घडलेलं असतं. त्या पानावर लगेच लॉगिन करू नका. आधी ब्राउझरचं 'बॅक' दाबा. साधी चौकट असेल तर बहुतेक ब्राउझर मागचं पान भरलेल्या मजकुरासकट परत दाखवतात. दिसलं की कॉपी करा, मग दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करा. जुन्या टॅबमधूनच पुन्हा सबमिट करण्याचा मोह टाळा, कारण त्या पानातला सुरक्षेचा टोकन (साइटने दिलेली तात्पुरती खूण) जुना झालेला असतो आणि मजकूर पुन्हा नाकारला जाऊ शकतो.

'बॅक'ने चौकट रिकामी आली तर 'फॉरवर्ड' दाबून पुन्हा त्याच चुकीच्या पानावर या. एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, त्यातलं 'नेटवर्क' हे पॅनेल निवडा आणि आता, फक्त या एकाच प्रसंगात, रीलोड करा. 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का?' असं ब्राउझरने विचारलं तर होय म्हणा. ब्राउझर तोच मजकूर पुन्हा पाठवतो आणि नेटवर्कच्या यादीत त्याची ओळ उमटते. त्या ओळीवर क्लिक करून क्रोममध्ये 'पेलोड' आणि फायरफॉक्समध्ये 'रिक्वेस्ट' उघडलं की पाठवलेला सगळा मजकूर समोर येतो. लेख दोनदा प्रकाशित व्हायची भीती असते खरी, पण जादा लेख खोडता येतो. सर्व्हरने थेट लॉगिनच्या पत्त्यावर पाठवून दिलं असेल तर मात्र ब्राउझर हा प्रश्न विचारणार नाही आणि हा उपाय लागू पडणार नाही.

पेलोडमध्ये मराठीऐवजी टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसली तर घाबरू नका. मराठीचं एक अक्षरचिन्ह तिथे नऊ खुणांचं होतं: 'म'साठी %ई०%ए४%एई (अर्थात तिथे रोमन लिपीत). त्याच पॅनेलमध्ये उलगडून दाखवण्याचा पर्याय असतो.

टॅब बंद झाला किंवा ब्राउझर कोसळला

टॅब बंद झाला असेल तर कंट्रोल + शिफ्ट + टी. ब्राउझर चालू असेल तर बंद केलेला टॅब परत येतो, आणि पुष्कळदा भरलेल्या मजकुरासकट येतो.

'पुष्कळदा' का, ते कळलं तर पुढचा शोध सोपा जातो. ब्राउझर जतन करतो ती पानावरच्या खऱ्या फॉर्मची चौकट. ठळक, तिरपं, चित्र घाला अशी बटणं असलेला आधुनिक एडिटर म्हणजे बऱ्याचदा अशी चौकट नसतेच. तो पानाचाच एक भाग असतो, ज्यात लिहिण्याची मुभा दिलेली असते. त्यातला मजकूर टॅबबरोबर जातो. शिवाय साइटने चौकटीवर ऑटोकम्प्लीट बंद ठेवलं असेल तर ब्राउझर तीही जतन करत नाही.

ब्राउझर कोसळला असेल तर तो पुन्हा उघडण्याआधी प्रोफाइलच्या फोल्डरची (ब्राउझर तुमचा सगळा डेटा ठेवतो ते फोल्डर) प्रत दुसरीकडे करून ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर हळहळतात. ब्राउझर सुरू झाला की नवी सेशन फाइल लिहायला घेतो आणि जुन्या फाइली मागे पडत पडत पुसल्या जातात. विंडोजवर क्रोमचं प्रोफाइल युजरच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमध्ये, 'लोकल'खाली, 'गूगल', 'क्रोम', 'युजर डेटा', 'डिफॉल्ट' अशा उतरंडीत असतं. 'अ‍ॅपडेटा' लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवायचा पर्याय चालू करा. फायरफॉक्सचं प्रोफाइल 'अ‍ॅपडेटा'मधल्या 'रोमिंग'खाली, 'मोझिला', 'फायरफॉक्स', 'प्रोफाइल्स' इथे असतं. तिथे दोन-तीन प्रोफाइल्स दिसली तर सगळ्यांची प्रत घ्या.

प्रत झाली की ब्राउझर उघडा आणि 'रिस्टोअर' म्हणून विचारलं तर होकार द्या. तेवढ्यावर मजकूर मिळाला तर काम झालं.

नाही मिळाला तर फायरफॉक्सवाल्यांचं नशीब जरा बरं. फायरफॉक्स चालू असताना साधारण दर १५ सेकंदांनी सेशन लिहितो आणि प्रोफाइलमधल्या 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' फोल्डरमध्ये ठेवतो. त्यात 'रिकव्हरी' नावाची फाइल म्हणजे ताजी नोंद, तिचीच 'बॅक' अशी खूण असलेली जोडी म्हणजे त्याआधीची नोंद आणि 'प्रीव्हियस' म्हणजे आधीच्या वेळचं सेशन. 'अपग्रेड' नावाच्या फाइली जुन्या असतात, पण काही दिवसांपूर्वीचा मसुदा हवा असेल तर त्याही बघाव्यात. या फाइली एलझेड४ पद्धतीने दाबलेल्या (जागा वाचवण्यासाठी कॉम्प्रेस केलेल्या) असतात आणि पुढे मोझिलाची स्वतःची आठ बाइटची खूण असते, त्यामुळे नेहमीचं एलझेड४ साधन त्यांना नाकारतं. खास या फाइलींसाठी बनवलेलं साधनच वापरा. उघडल्यावर जेसन स्वरूपातली (नाव आणि त्याचा मजकूर अशा जोड्यांची) लांबलचक ओळ मिळते. तिच्यात 'फॉर्मडेटा' आणि 'स्टोरेज' हे शब्द शोधा. मजकूर असेल तर त्यांच्याच आसपास असतो, आणि तोही सरळ वाचता येण्याजोग्या मराठीत.

खासगी विंडोत लिहिलं असेल आणि ती बंद झाली असेल तर वरचं काहीच लागू पडत नाही. तिचं सेशन डिस्कवर लिहिलं जात नाही.

साइटच्या स्टोरेजमध्ये डोकावणं

खरं सांगायचं तर मसुदा सापडण्याची सगळ्यात चांगली जागा हीच, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पुष्कळ एडिटर सर्व्हरवर पाठवण्याआधी मजकुराची एक प्रत ब्राउझरमध्येच ठेवतात. वर्डप्रेस दर १५ सेकंदांनी अशी प्रत 'सेशन स्टोरेज'मध्ये ठेवतं आणि सर्व्हरवरचं ऑटोसेव्ह वेगळं, साधारण दर ६० सेकंदांनी करतं. लेख पुन्हा उघडल्यावर 'ब्राउझरमधली प्रत वेगळी आहे' अशी पट्टी वर आली तर ती बंद करू नका. तिच्यातल्या रिस्टोअरवर क्लिक केलं की काम होतं.

पट्टी आली नाही तर स्वतः बघा. एफ१२ दाबून क्रोममध्ये 'अ‍ॅप्लिकेशन', फायरफॉक्समध्ये 'स्टोरेज' हे पॅनेल उघडा. सफारीत आधी सेटिंग्जमधल्या प्रगत भागात वेब डेव्हलपरसाठीच्या सोयी चालू कराव्या लागतात. डाव्या बाजूला लोकल स्टोरेज, सेशन स्टोरेज आणि इंडेक्स्ड डीबी दिसतील. प्रत्येकाखाली साइटचा पत्ता असतो, त्यावर क्लिक करा. उजवीकडच्या यादीत नावात 'ऑटोसेव्ह' किंवा 'ड्राफ्ट' असलेल्या ओळी शोधा. वर्डप्रेसच्या ओळीचं नाव 'डब्ल्यूपी-ऑटोसेव्ह'ने सुरू होतं. ओळीवर क्लिक केलं की खाली पूर्ण मजकूर येतो.

यात एक बारकावा सांभाळायचा. हे बघण्यासाठी एडिटरचं पानच उघडलंत तर त्याची स्क्रिप्ट सुरू होईल, आणि जुनी प्रत निरुपयोगी समजून ती पुसूनही टाकेल. म्हणून त्याच साइटचं असं पान उघडा ज्यात एडिटरची स्क्रिप्ट नसते. साइटच्या पत्त्यापुढे 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' टाकून उघडणारं पान याला उत्तम, कारण ती नुसती टेक्स्ट फाइल असते. स्टोरेज पत्त्यावर बांधलेलं असतं, पानावर नाही, त्यामुळे तिथूनही सगळं दिसतं. मात्र पत्ता तंतोतंत तोच हवा. पुढे तीन डब्ल्यू लावलेला आणि न लावलेला पत्ता ब्राउझरच्या लेखी दोन वेगळ्या साइट असतात.

लोकल स्टोरेज टॅब बंद केल्यावरही टिकतं. सेशन स्टोरेज एकेका टॅबपुरतं असतं, म्हणून त्यासाठी कंट्रोल + शिफ्ट + टी करून तोच टॅब परत आणावा लागतो, नव्या टॅबमध्ये ते रिकामंच दिसतं. सफारीत आणखी एक मुदत आहे: साइटशी तुमचा काही संबंध न येता ब्राउझर वापराचे ७ दिवस गेले, तर तिच्या स्क्रिप्टने साठवलेलं तो स्वतःहून पुसतो.

फोनवर लिहिताना घोळ झाला असेल तर अँड्रॉइडवर यूएसबी डीबगिंग चालू करून केबलने कॉम्प्युटर जोडा आणि कॉम्प्युटरच्या क्रोममधल्या 'इन्स्पेक्ट' या अंतर्गत पानावरून फोनचा टॅब उघडा. हीच सगळी पॅनेल्स मिळतात. आयफोनसाठी मॅक आणि त्यावरची सफारी लागते. टॅब जिवंत असेपर्यंतच याचा उपयोग.

मराठी मजकूर बाइटांमध्ये कसा शोधायचा

ब्राउझर उघडतच नसेल, किंवा प्रोफाइलची फक्त प्रत हाताशी असेल, तर फाइलींमध्ये थेट शोधावं लागतं. इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेल्या सूचना इथे फसतात. फाइलीतले वाचनीय शब्द उपसून देणारी नेहमीची साधनं रोमन अक्षरंच ओळखतात; मराठी लेख जसाच्या तसा असूनही त्यांना तो कचरा वाटतो.

मराठी अक्षरं दोन प्रकारे साठवलेली असतात. फायरफॉक्सच्या उलगडलेल्या सेशन फाइलीत आणि बहुतेक वेब पानांत यूटीएफ-८, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट. क्रोमच्या सेशन फाइली आणि लोकल-सेशन स्टोरेज यांत यूटीएफ-१६, म्हणजे दोन बाइट, तेही उलटे. 'नदी' हा शब्द घ्या. त्यात न, द आणि दीर्घ वेलांटी अशी तीन चिन्हं आहेत. यूटीएफ-१६मध्ये तो दिसतो असा: २८ ०९ २६ ०९ ४० ०९. यूटीएफ-८मध्ये असा: ई० ए४ ए८, ई० ए४ ए६, ई० ए५ ८०. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट आकड्या-अक्षरांत दाखवणारं साधन) शोधताना हे अंक आणि अक्षरं रोमनमध्ये टाकायची. दोन्ही रूपांत शोधून बघा, एकावर थांबू नका.

शोधासाठी शब्द निवडताना जोडाक्षरं टाळा. 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या प्रकारे उमटतं, आणि दिसायला सारखं असलं तरी बाइट जुळत नाहीत. लेखात नक्की आलेला, साधा, पण ब्राउझरच्या इतर पसाऱ्यात सहसा न येणारा शब्द घ्या.

क्रोममध्ये बघायच्या जागा तीन: प्रोफाइलमधले 'सेशन्स', 'सेशन स्टोरेज' आणि 'लोकल स्टोरेज' हे फोल्डर. स्टोरेजच्या फोल्डरमध्ये 'लॉग' आणि 'एलडीबी' अशा दोन जातीच्या फाइली दिसतील. आधी लॉग बघा. ती दाबलेली नसते आणि तिच्यात नोंदी क्रमाने लिहिलेल्या असतात, त्यामुळे एकाच मसुद्याची पाच-सहा रूपं एकापाठोपाठ मिळू शकतात, अगदी वरून कोरी प्रत सेव्ह झाली असली तरीही. एलडीबी फाइली दाबलेल्या असू शकतात, त्यात साधा शोध तुकड्यातुकड्यानेच लागतो.

जागा सापडली की तेवढा भाग कापून वेगळी फाइल करा आणि टेक्स्ट एडिटरमध्ये यूटीएफ-१६ निवडून उघडा. मराठीऐवजी भलत्याच लिपीतली अक्षरं दिसली तर कापताना एका बाइटचा फरक पडला आहे. सुरुवातीचा एक बाइट काढून पुन्हा उघडा, बहुधा मजकूर नीट दिसेल.

टॅब उघडा आहे पण गोठला आहे, असंही होतं. मग क्रोममध्ये शिफ्ट + एस्केप दाबून क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडा आणि त्या टॅबचा प्रोसेस क्रमांक टिपून घ्या. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स'मध्ये तो क्रमांक शोधा, त्यावर राइट-क्लिक करून मेमरीची डंप फाइल (मेमरीत असेल ते सगळं उतरवलेली फाइल) बनवा. फाइल शेकडो मेगाबाइटची होऊ शकते, डिस्कवर जागा आहे का बघून घ्या. तिच्यात वरच्याच पद्धतीने यूटीएफ-१६मध्ये शोधा. ती फाइल कुणालाही पाठवू नका, त्यात तुमचे पासवर्डही असू शकतात.

आता कॅश

मसुद्याचं प्रीव्ह्यू पाहिलं होतं, जुना मसुदा संपादनासाठी पुन्हा उघडला होता, किंवा लेख प्रकाशित होऊन नंतर खोडला गेला, तर तो सर्व्हरकडून तुमच्याकडे आला होता. मग कॅशमध्ये शोधण्यात अर्थ आहे. तरी आशा बेताचीच ठेवा. लॉगिन लागणाऱ्या पानांवर सर्व्हर पुष्कळदा 'साठवू नका' अशी सूचना पाठवतो आणि ब्राउझर ती पाळतो.

फायरफॉक्समधला सोपा उपाय: ऑल्ट दाबून मेनू आणा, 'फाइल'मध्ये 'वर्क ऑफलाइन' निवडा आणि हिस्टरीतून प्रीव्ह्यूचं पान उघडा. कॅशमध्ये असेल तर पान जसंच्या तसं दिसेल. नाही दिसलं तर पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', कोलन, 'कॅश' टाइप करा आणि डिस्कवरच्या नोंदींच्या यादीत पानाचा पत्ता शोधा.

क्रोममध्ये असं अंतर्गत पान पूर्वी होतं, आता काढून टाकलं आहे. विंडोजवर 'क्रोमकॅशव्ह्यू' हे छोटं साधन मिळतं. त्यात यादी वेळेनुसार लावा आणि फक्त एचटीएमएल व जेसन प्रकारच्या नोंदी तपासा, चित्रं-स्क्रिप्टच्या हजारो ओळींत वेळ घालवू नका. कॅशच्या फोल्डरमध्ये थेट शब्द शोधण्याचा उपयोग नसतो, कारण पानं सर्व्हरकडून दाबलेल्या स्वरूपात येतात आणि तशीच ठेवली जातात. बाहेर काढलेल्या फाइलीचे पहिले दोन बाइट १एफ ८बी असतील तर ती जीझिप पद्धतीने दाबलेली आहे, उघडणारं कोणतंही साधन चालेल. तसं नसेल आणि तरीही वाचता येत नसेल तर ती बहुधा ब्रॉटली या दुसऱ्या पद्धतीने दाबलेली असते.

प्रकाशित होऊन गेलेल्या लेखासाठी वेबॅक मशीन (जुनी वेब पानं जपून ठेवणारं संकेतस्थळ) आणि फीड रीडर (साइटवरचे नवे लेख गोळा करणारा प्रोग्रॅम) बघा. गूगलच्या शोधातली 'कॅश्ड' प्रत २०२४पासून मिळत नाही, त्यामुळे जुन्या लेखांतले तसे सल्ले आता चालत नाहीत.

मिळालेला मजकूर वाचता येत नसेल तर

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्यामागे विचित्र चिन्ह, अशी जोडी ओळीभर दिसली, तर मजकूर शाबूत आहे, फक्त फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) उघडली गेली आहे. ती सेव्ह न करता बंद करा आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा. चुकीच्या रूपात सेव्ह केली तर काही बाइट कायमचे बदलतात.

जेसनमध्ये प्रत्येक अक्षराऐवजी तिरपी रेघ, यू आणि चार आकडे-अक्षरं ('म'साठी ०९२ई) असू शकतात. कुठलंही जेसन वाचणारं साधन ती पुन्हा मराठीत आणतं. परिच्छेदांच्या जागी एचटीएमएलचे टॅग आले असतील तर हाताने खोडत बसू नका. फाइलचं नाव एचटीएमएल करून ती ब्राउझरमध्ये उघडा आणि पानावरून मजकूर कॉपी करा. मराठी तिथेही बिघडलेलं दिसलं तर फाइलच्या पहिल्या ओळीत मेटा टॅग टाकून यूटीएफ-८ जाहीर करा. नव्या मसुद्यात मजकूर चिकटवल्यावर आधी शेवटचा परिच्छेद पूर्ण आला आहे का ते तपासा, कारण तुकड्यातुकड्याने मिळवलेल्या मजकुरात शेपूटच बहुधा तुटलेलं असतं. मूळ फाइल आणि प्रोफाइलची प्रत त्यानंतरच पुसा.